जोडाक्षरांच्या पाट्या आणि वामनदादा

मंडळी, चौदा एप्रिलच्या आगेमागे आमच्या वाशिम जिल्ह्यात कुठल्याही गावी मुक्कामाला या. रात्री जेवणं आटोपली की समाजमंदिरासमोर सतरंज्या पडतात, गायन पार्टी येते. एक हार्मोनियमवाला, एक ढोलकीवाला, मागे कोरसला चार पोरं, आणि पुढे शाल पांघरलेला मुख्य गायक. मध्यरात्र उलटली तरी लोक हलत नाहीत. बायाबापड्या मांडीवर लेकरं निजवून ऐकत असतात. आणि गाणं शेवटच्या कडव्याशी आलं की त्यात हमखास एक नाव येतं, वामन.

पुण्याहून आलेल्या आमच्या एका नातलगाला एकदा वाटलं होतं की हा विष्णूचा पाचवा अवतार! मी म्हटलं, अहो नाही, हा सिन्नर तालुक्यातला वामन. वामन तबाजी कर्डक. उभा महाराष्ट्र त्यांना वामनदादा म्हणतो. जुन्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालावं तसं हे गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव घालत. तेवढीच त्यांची सही. छापील पुस्तक फार पुढे आलं.

वामनदादांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, जाणकारांनी लिहिलं आहे. मी आपला निवृत्त शिक्षक. मला त्यांच्या आयुष्यातली पहिली वीस-बावीस वर्षं आणि त्यातही एक ठरावीक गोष्ट फार जवळची वाटते, ती सांगायची आहे.

जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव देशवंडी. (पंचवीस वर्षांनी हीच तारीख सगळ्या देशाची होणार होती, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक!) नाशिक जिल्ह्याचा हा भाग कोरडा, माळरानाचा. सिन्नर हे विड्यांच्या धंद्याचं गाव. आईचं नाव सईबाई. वडील वामन लहान असतानाच गेले. आई रानातून टेंभुर्णीची पानं गोळा करून विडीवाल्यांकडे पोचवायची, लाकडाची मोळी विकायची, आणि पोरगा बरोबर असायचा. आमच्याकडे अजूनही उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जाणारी घरं आहेत, त्यामुळे हे चित्र डोळ्यापुढे आणायला मला फार प्रयास पडत नाहीत. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत परतायचं, मग पुडके बांधत बसायचं. अशा दिवसात शाळा कुठे बसवणार? (इथे जरा वेळ त्यांना एकेरीतच म्हणतो. आठ वर्षांच्या पोराला अहो-जाहो काय करायचं!)

वामन शाळेत गेलाच नाही. आता कायद्याच्या अंगाने पाहिलं तर दार उघडं होतं. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. वामन तेव्हा एक वर्षाचा होता. पण ठराव मुंबईला होतो आणि पोरगं देशवंडीला असतं. दोन्हींच्या मध्ये गाव असतं, चावडी असते, वर्गाच्या बाहेर बसवणारे मास्तर असतात आणि सगळ्यात आधी रिकामं पोट असतं. महाडच्या तळ्यासाठीसुद्धा १९२७ साली सत्याग्रहच करावा लागला. मग नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो २ मार्च १९३० ला, आणि येवल्याची ती सुप्रसिद्ध घोषणा झाली १३ ऑक्टोबर १९३५ ला. दोन्ही ठिकाणं त्याच्याच जिल्ह्यातली. म्हणजे या मुलाच्या आठव्या आणि चौदाव्या वर्षी त्याच्या घराभोवतालचं जग ढवळून निघत होतं. त्याला त्यातलं तेव्हा किती कळलं असेल ते असो, कानावर नक्की पडलं असेल. आणि या माणसाचं सगळं शिक्षण कानानेच झालेलं आहे. जात्यावरच्या ओव्या, तमाशातली कवनं, बाजाराच्या दिवशीची गाणी. आमच्या बीएच्या अभ्यासक्रमात याला 'मौखिक परंपरा' असं भारदस्त नाव होतं. ती पाठ करून आम्ही गुण मिळवले. देशवंडीतल्या पोराला ती फुकट मिळाली, फक्त तिला कोणी गुण देत नव्हतं.

मग मायलेकरं मुंबईला आली. त्या काळी खेड्यात भागेनासं झालं की दुसरी वाट नव्हती. आपल्या वऱ्हाडाचाही या मुंबईशी एक संबंध आहे, तो ओघात सांगून टाकतो. कारंज्याहून मूर्तिजापूरला जाणारी ती छोटी शकुंतला रेल्वे (आता बंद आहे, रूळ गवतात गेलेत) मुळात टाकली गेली ती आपल्याकडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीला लावून मुंबईकडे नेण्यासाठी. कापूस वऱ्हाडचा आणि तो कातायला हात देशवंडीचे, कोकणचे, साताऱ्याचे. त्याच सुमारास वाटेगावचा अण्णा भाऊ साठे नावाचा मुलगाही कुटुंबाबरोबर पायी चालत मुंबईला आला होता. तो शाळेत दीड दिवस गेला म्हणतात. आमच्या वामनच्या नावावर तो दीड दिवसही नाही.

मुंबईत वामनने काय काय केलं त्याची यादी वाचताना माझी बोटं पुरेनात. गिरणीत काम, कोळशाच्या वखारीत काम, खडी फोडणं, चिक्की विकणं, आइसफ्रूट विकणं. राहायला शिवडीची बीडीडी चाळ. तिथे समता सैनिक दलाशी संबंध आला आणि तो मुलांना लेझीम शिकवू लागला. पुढे टाटा ऑइल कंपनीत नोकरी लागली. आणि या सगळ्याच्या वर डोक्यात एक खूळ, आपण सिनेमात नट व्हायचं! त्यासाठी रणजित, कारदार, मिनर्व्हा या स्टुडिओंच्या चकरा सुरू होत्या. मिळालं ते एक्स्ट्राचं काम. गर्दीत उभं राहायचं, कॅमेरा दुसरीकडेच असतो. नट होण्याचं ते काही जमलं नाही.

घरीही धड नव्हतं. एकोणीस-विसाव्या वर्षी लग्न झालं होतं, मीरा नावाची मुलगी झाली होती. संसार टिकला नाही, पत्नी सोडून गेली. पुढे मीराही लहानपणीच गेली. मी इथे फार लिहीत नाही. लेकरू गेलेल्या बापाविषयी तिऱ्हाइताने रंगवून लिहू नये असं माझं मत आहे.

आता ती गोष्ट.

चाळीत एक माणूस वामनकडे पत्र घेऊन आला. गावाकडचं पत्र असणार. म्हणाला, एवढं वाचून दाखवा. मुलांना शिकवणारा, चार लोकांत वावरणारा, बोलण्यात चतुर तरुण. त्या बिचाऱ्याला वाटलं याला वाचता येतच असेल. वामनला एक अक्षर येत नव्हतं. पत्र हातात तसंच राहिलं. ही गोष्ट त्यांना फार लागली, रडू आलं, असं वामनदादांनी पुढे सांगितलेलं आहे.

अशा प्रसंगी माणसं काय करतात ते मी जवळून पाहिलेलं आहे. चष्मा विसरला म्हणतात. उजेड कमी आहे म्हणतात. 'नंतर ये' म्हणतात. आणि त्या माणसाला पुन्हा टाळतात. लाज झाकण्याचे शंभर उपाय असतात आणि शंभरही सोपे असतात. वामनने ते केले नाहीत. तो देहलवी नावाच्या मास्तरांकडे गेला आणि बाराखडीला बसला. तेव्हा तो विशीच्या आगेमागे होता. दिवसभर अंगमेहनत आणि नंतर पाटी!

आता यात काय मोठंसं, असं आजच्या मुलांना वाटेल. म्हणून जरा माझं पुराण ऐका. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. मी तेव्हा मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो. रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांचा वर्ग घ्यायचा. पहिल्या आठवड्यात तीस जण यायचे, महिन्याभरात नऊ उरायचे. बुद्धी कमी म्हणून नव्हे. नांगराच्या मुठीने घट्टे पडलेल्या बोटांना पेन्सिल धरवत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे आपलं चुकतंय हे आपल्याच पोराने दारातून पाहावं, ते सहन होत नाही. एक हमाल मात्र नेमाने यायचा. मी विचारलं, बाबा, तुला कशाला शिकायचं? तो म्हणाला, "गुरुजी, मले पोथी नाही वाचाची. यष्टीची पाटी वाचता आली म्हंजे झालं. लोकाइले इचारू इचारू जीव लाजते."

त्याला मी पाट्यांवरूनच शिकवलं. तेव्हा एक गंमत लक्षात आली. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. १९९८ साली अकोल्यातून फुटून आपला जिल्हा झाला त्यातले हे सहाही तालुके. एकाच्याही नावात जोडाक्षर नाही! काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार जमला की माणूस अख्खा जिल्हा फिरून येईल. अडतो तो मूर्तिजापूरला. तिथे डोक्यावर रफार येतो, आणि आमचा हमाल तिथेच अडला होता. चार दिवस तो रफार त्याच्या डोक्यात शिरेना. पाचव्या दिवशी शिरला तेव्हा त्याने आनंदाने मांडीवर थाप मारली ती मला अजून आठवते.

वामनदादांनीही पुढचं शिक्षण पाट्यांवरच केलं. बाराखडी मास्तरांनी दिली, पण जोडाक्षरं त्यांनी रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या आणि बोर्ड वाचून पक्की केली. आता मुंबईच्या पाट्या डोळ्यापुढे आणा. 'स्टुडिओ'मध्ये सुरुवातीलाच स ला ट. 'मिनर्व्हा'मध्ये र, व आणि ह तिघेही एकमेकांच्या अंगावर चढलेले. ज्या फाटकाच्या आत हा तरुण गर्दीत उभा राहायला जात होता, ते नाव वाचायचं म्हटलं तर मराठीतलं अवघडातलं अवघड जोडाक्षर सोडवायला हवं. मी चौथीच्या वर्गालाही हा शब्द एकदम दिला नसता.

अक्षर ओळख झाली त्याच सुमारास गाणं आलं. मे १९४३ मध्ये, तीन तारखेला, वामनदादांनी एका हिंदी सिनेमातल्या गाण्याचं विडंबन केलं. चाल तीच, शब्द आपले. ऐकणारे हसले. लोकांना हसवता येतं, म्हणजे शब्द जुळवता येतात, हे त्या दिवशी त्यांना कळलं. काळ कसा होता तेही पाहा. महायुद्ध चालू, गिरण्या रात्रंदिवस धडधडत होत्या, मुंबईत धान्याचं रेशनिंग त्याच महिन्यात सुरू झालं. आणि शिवडीच्या चाळीत एक एकवीस वर्षांचाही न झालेला गिरणीकामगार सिनेमाच्या गाण्याची थट्टा करतोय! नट म्हणून ज्या सिनेमाने घेतलं नाही त्याचीच चाल उचलून सुरुवात झाली, याची मला मोठी मौज वाटते.

त्याच साली नायगावला त्यांनी बाबासाहेबांना पहिल्यांदा पाहिलं. आणि मग थट्टेच्या गाण्यांचा रोख बदलला.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर वामनदादा आकाशातून पडले असं वाटेल. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने तमाशाचा साचा घेऊन त्यात समाजसुधारणा भरली, त्याला सत्यशोधकी जलसा म्हणत. पुढे नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि इतरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. गण, गौळण, बतावणी हा साचा तोच. पण गणात गणपतीच्या जागी दुसरंच वंदन आणि बतावणीत सावकार, भट, पाटील यांची खिल्ली. सभेला न येणारा माणूस जलशाला यायचा. वामनदादा या वाटेने आले, पण काळ पुढे गेला होता. माणसांच्या कानात सिनेमाच्या चाली बसल्या होत्या, कव्वालीचे मुकाबले रंगत होते. अख्खा जलसा घेऊन फिरायला पंधरा-वीस माणसं लागतात, खर्च लागतो. गाण्याला एक गळा आणि एक ढोलकी पुरते. वामनदादांनी लिहिलं ते सुटं गाणं, कोणत्याही पार्टीने उचलावं आणि त्याच रात्री म्हणावं असं. श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गळ्यांनी आंबेडकरी गीतं घराघरांत नेली, आणि खेड्यापाड्यांतल्या निनावी पार्ट्यांनी तर त्याहून दूर नेली. आमच्या मानोऱ्याकडच्या तांड्या-वस्त्यांपर्यंत ती पोचली.

पण यात एक मेख आहे. ज्याने उचललं त्याने म्हटलं, बिदागी ज्याची त्याला मिळाली. लिहिणाऱ्याला काय? शेवटच्या कडव्यातलं नाव, बस. तेही एखाद्या गायकाने वेळ झाला म्हणून शेवटचं कडवं गाळलं तर गेलं. म्हणून मी सुरुवातीला सही म्हटलं ते उगीच नाही. हस्ताक्षर विशीत कमावलेल्या माणसाने सही तोंडीच ठेवली!

सिनेमाने पुढे त्यांची दखल घेतली. अनंत मान्यांच्या 'सांगत्ये ऐका' या १९५९ च्या चित्रपटात त्यांचं एक गाणं आहे. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये हा चित्रपट १३१ आठवडे चालला. गर्दीतल्या एक्स्ट्राचे शब्द पडद्यावर आले. दुसरा कोणी असता तर तिथेच तंबू ठोकला असता. हे मात्र गावोगावच्या मंडपांकडे वळले आणि तिथेच आयुष्य घालवलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यानंतर या गाण्यांचं काम वाढलं. पुढारी भांडत होते, गट पडत होते, आणि खेड्यातल्या माणसाला बाबासाहेब काय म्हणाले ते सांगणारं दुसरं कोण होतं? वर्तमानपत्र त्याला वाचता येत नव्हतं. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, आणि वस्तीतली त्याहून किती खाली असेल याचा अंदाज तुम्हीच करा. अक्षर न येण्याची लाज काय असते हे ज्याला ठाऊक होतं, त्याने अक्षर न येणाऱ्यांसाठी लिहिलं. वामनदादांचे शब्द सोपे का, याचं उत्तर मला यातच दिसतं. त्यांना अवघड लिहिता येत नव्हतं असं कृपा करून कोणी समजू नये. त्यांची वृत्तावरची, यमकावरची पकड पाहिली की मराठीचा शिक्षक म्हणून मी थक्क होतो.

पुढे शांताबाईंशी त्यांचा दुसरा संसार झाला. पहिला संग्रह 'वाटचाल' आला तो १९७३ साली. पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी! मग 'मोहळ' (१९७६), 'हे गीत वामनाचे' (१९७७), आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन. एकूण गाणी दहा हजारांच्या घरात असं सांगतात. त्यातली छापलेली थोडी, वह्यांत राहिलेली काही, आणि बाकीची लोकांच्या तोंडी.

अशा माणसाबद्दल बोलताना हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं, की दुःखाने त्यांना कवी केलं. मला हे मुळीच पटत नाही. दुःख सगळ्या चाळीला होतं, सगळी चाळ काही गाणी लिहीत नव्हती. गाणं वामनपाशी देशवंडीपासूनच होतं. दारिद्र्याने त्याला काही दिलं नाही, उलट चौदा वर्षं उशीर केला. सहाव्या वर्षी मिळायची ती पाटी विसाव्या वर्षी मिळाली. आणि ज्याला ती पत्रामुळे मिळाली त्याचं आपण कौतुक करतो. पण ज्यांच्याकडे कोणी पत्र घेऊन आलंच नाही, किंवा आलं आणि जे 'चष्मा विसरला' म्हणाले, त्यांच्यातल्या कोणाकोणाची गाणी गेली ते मोजायला काही साधन नाही. चाळीस मुलांच्या वर्गातून पेरणीच्या दिवसांत गायब होणारी, मग दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारी मुलं मी छत्तीस वर्षं पाहिली. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिताना हात जड व्हायचा.

वामनदादा १५ मे २००४ ला नाशिकमध्ये गेले. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी झाली, ठिकठिकाणी गाण्यांचे कार्यक्रम झाले. वहीतून गाणं म्हणणारी पार्टी आता कमी झाली आहे, मोबाइल समोर धरून म्हणतात. पण शेवटचं कडवं आमच्याकडे अजून कोणी गाळत नाही, हे मी दरवर्षी मुद्दाम लक्ष देऊन ऐकतो.

जाता जाता एक विनंती. 'वाटचाल'ची १९७३ ची मूळ आवृत्ती मी बरीच वर्षं शोधतो आहे. नागपूरला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांत विचारलं, गीतांच्या छोट्या चोपड्या पुष्कळ मिळाल्या, पण ही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे किंवा कोणाच्या काका-मामांच्या ट्रंकेत असेल तर कळवा. पुस्तक नको, वाचून परत करीन. पोस्टाचा खर्च माझा.